मॉरिशसचं पॅकेज घेताय? एक अख्खा दिवस पोर्ट लुईससाठी मोकळा मागून घ्या

ठाण्यातनं मॉरिशसला जाणारे आता बरेच झालेत, आमच्या घोडबंदरच्या सोसायटीतनंच दरवर्षी कोणी ना कोणी जातं, आणि बहुतेकजण इथल्याच एखाद्या टूरवाल्याकडनं पॅकेज घेतात. आम्हीपण मे महिन्यात तसंच घेतलं. मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. मुंबईहून थेट विमान, ग्रँड बे भागात हॉटेल, फिरायला गाडी, सगळं सांगितलं तसं मिळालं, आणि व्हिसा आधी काढावा लागत नाही त्यामुळे कागदपत्रांची कटकट नव्हती. इल ओ सेर्फ बेटाची बोट, शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलाव हे सगळ्यांच्याच पॅकेजात असतं, बघण्यासारखं आहे, त्यावर मी जास्त लिहीत नाही.

मला लिहायचंय ते पॅकेजमधल्या 'लेझर डे'बद्दल. ज्या दिवशी गाडी नाही, गाईड नाही, हॉटेलवर आराम करा म्हणतात तो दिवस. आमच्या सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात भारी दिवस तोच ठरला कारण तो आम्ही पूर्ण मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईसमध्ये घालवला, आणि पॅकेजमधली पोर्ट लुईसची 'हाफ डे सिटी टूर' मात्र साफ फुकट गेली. का, तर टूरवाल्यांनी ती रविवारी दुपारी ठेवली होती. रविवारी सेंट्रल मार्केट दुपारपर्यंतच असतं आणि अप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानातले मजूर जिथे उतरायचे ती जागा, बंद. आम्ही निघायच्या आधी दिवस बदलून मागितला तर म्हणे ग्रुपचा कार्यक्रम फिक्स आहे. म्हणजे गाडीत बसून बंद शटर बघायची, मग एका मॉलमध्ये दोन तास. ह्याला मी पाचपैकी एक देईन.

तर मोकळा दिवस बुधवारी होता. ग्रँड बेहून सकाळी बस पकडली, एक्स्प्रेस बस असते, ती पोर्ट लुईसला इमिग्रेशन स्क्वेअरला सोडते आणि अप्रवासी घाट तिथनं अगदी चालत. तिकीट नाही, फुकट आहे. १८३४ ते १९२० ह्या काळात हिंदुस्थानातनं जवळजवळ पाच लाख माणसं उसाच्या मळ्यांवर मजुरीला मॉरिशसला आणली, आणि ती बोटीतनं उतरून ज्या डेपोत यायची तो हा घाट. २००६ पासून जागतिक वारसा आहे. आता उरलंय ते थोडंच, मधनं हायवे गेलाय त्यात बराच भाग पाडला, पण दगडी पायऱ्या आहेत, सोळा, आणि दवाखान्याच्या खोल्या, स्वयंपाकाची जागा. आत म्युझियम आहे ते नीट वेळ देऊन बघा, घाई करू नका.

सासूबाई संगमेश्वरकडच्या. मुंबई बंदरातनंपण बोटी सुटायच्या आणि त्यात कोकणातली माणसं होती हे त्यांना तिथे कळलं. त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ थांबल्या, दगडावर हात ठेवून बघितला, मग मला म्हणाल्या, "अगो, आपल्यातलीच गेली असतील की कोणीतरी." तिथे आजही मराठी समाज आहे, शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. पॅकेजमधल्या गाईडने ह्यातलं काहीच सांगितलं नव्हतं, आणि महाराष्ट्रातनं गेलेल्या माणसाला हे सांगायला नको का?

घाटावरनं चालत सेंट्रल मार्केट. खाली भाजी, फळं, मसाले, हर्बल चहाच्या पुड्या, आणि खायच्या गाड्या. इथे दालपुरी खायचीच. बघा कशी देतात ते, बाई डब्यातनं दोन पातळ मऊ पुऱ्या काढते, एकावर एक कागदावर पसरते, त्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा भाजी, टोमॅटोची रुगाय म्हणजे मसालेदार रस्सा, कोथिंबिरीची चटणी, वरनं लोणचं, आणि हे सगळं इतक्या झटक्यात गुंडाळते की आपण पैसे काढेपर्यंत हातात आलेलं असतं. नेहमी जोडीनेच मिळते, 'एन पेर' म्हणायचं. आत वाटलेली डाळ भरलेली, हळद आणि जिऱ्याची चव. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि सांगितलं, पुरणपोळीच आहे, फक्त गूळ घातला नाही. तिकडे लग्नात हीच खिरीबरोबर वाढतात म्हणे, म्हणजे त्यांचा अंदाज अगदीच बरोबर निघाला. मिरचीची पेस्ट मागितल्याशिवाय घालू देऊ नका, जबरदस्त तिखट असते, मुलीसाठी आधीच सांगा. पाचपैकी पाच.

गातो पिमां म्हणजे डाळवडा, मिरची घातलेला, छोटा आणि कुरकुरीत. लोक पावात बटर लावून त्यात भरून नाश्त्याला खातात. गरम असेल तरच घ्या, थंड झाला की मजा नाही. आलुदा मार्केटमध्येच मिळतो, गार दूध, सब्जा, अगरअगरचे तुकडे, पहिल्या घोटात आपला फालुदाच वाटतो पण शेवया नसतात आणि पातळ असतो. गोड खूप आहे, दोघांत एक पुरतो. अननस मात्र सोडू नका, तिथला छोटा व्हिक्टोरिया अननस तिरक्या खाचा पाडून सोलतात आणि मीठ, मिरची, चिंच लावून देतात. मुलीने तीन खाल्ले.

शाकाहारी माणसाची काळजीच नको असा हा बाजार आहे, आणि तरी टूरवाले रोज रात्री हॉटेलात तेच पनीर आणि तीच दाल मखनी खायला का घालतात मला कळत नाही. खरंच कळकळीने सांगते, डिनरचे कूपन कमी करून घ्या. मार्केटमध्ये चौघांचं दिवसभराचं खाणं एका हॉटेल डिनरच्या पैशात झालं. मटण-मासळीचा भाग रस्त्यापलीकडे वेगळा आहे. चायनाटाऊनमध्ये नवऱ्याने बुलेत खाल्ले, वाफवलेले गोळे सूपमध्ये देतात, त्याला आवडले, आम्ही बाकीच्यांनी भाज्या घातलेल्या मीन फ्री म्हणजे नूडल्सवर भागवलं, ठीक होत्या.

दुपारी उन्हात कोदाँ वॉटरफ्रंटला गेलो, वर रंगीत छत्र्या टांगलेल्या आहेत तिथे सगळे फोटो काढतात, पण मी म्हणेन शेजारच्या ब्लू पेनी म्युझियममध्ये जा. १८४७ ची मॉरिशसची पोस्टाची तिकिटं आहेत, जगातल्या सगळ्यात दुर्मिळ तिकिटांपैकी. रंग उडू नये म्हणून खऱ्या तिकिटांवर ठराविक वेळी काही मिनिटंच दिवा लावतात, बाकी वेळ नक्कल दिसते, म्हणून आत शिरतानाच काउंटरवर वेळ विचारून घ्या. नवरा लहानपणी तिकिटं जमवायचा, तो काचेसमोरनं हलायला तयार नव्हता. ऊन उतरल्यावर सिटाडेलवर, म्हणजे टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यावर चढलो, वरनं बंदर, डोंगर आणि शॅम्प द मार्सचं घोड्यांचं रेसकोर्स दिसतं, ते १८१२ सालचं आहे. गुडघे दुखत असतील तर टॅक्सीने वर जा, चढ बऱ्यापैकी आहे.

बुकिंग करताना एवढं करा. टूरवाल्याला लेखी विचारा की पोर्ट लुईस कुठल्या वारी आहे. रविवार असेल तर ती हाफ डे टूर काढून टाकायला सांगा आणि मोकळा दिवस सोमवार ते शुक्रवारमध्ये मागा, शनिवारी घाट अर्धाच दिवस असतो. सुट्टे पैसे बरोबर ठेवा, गाडीवाले मोठी नोट घ्यायला कुरकुरतात. आणि परतीची बस संध्याकाळी लवकर धरा, अंधार पडला की बस फार कमी होतात आणि मग टॅक्सीवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो.