काळ्या रंगाखाली जस्त निघालं

भट्टी, जनरेटर किंवा बॉयलरसाठी डिझेलची लाइन टाकून घेणार असाल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी पाइप नीट बघून घ्या. मी बघितला नाही. माझे 31,000 रुपये गेले, ऐन दिवाळीतल्या ऑर्डरी गेल्या, आणि पेटत्या भट्टीपासून चार हातांवर डिझेल ठिबकत होतं हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

इंदूरला सुदामा नगरात आमच्या घरामागे शेड आहे. तिथे मी शेव, चिवडा, चकली करते. शेडच्या बाहेर स्टँडवर डिझेलची टाकी आणि आत बर्नरच्या दोन भट्ट्या. जुनी लाइन गंजली म्हणून नवी टाकायची होती. काम दिलं ते ओळखीतल्या फिटरला. आमच्या गणेशोत्सवात मांडवाचं काम तोच करतो, घरी चहाला बसणारा मुलगा. "काकू, सी क्लासचा काळा पाइप टाकतो, कॉक सगळे पितळी. माल मीच सियागंजातून आणतो, तुम्ही कशाला धावपळ करता?" सी क्लास म्हणजे सगळ्यात जाड पाइप, आणि काळा म्हणजे जस्त न चढवलेला साधा लोखंडी. परक्याकडून मी पक्कं बिल मागितलंच असतं. आपलाच माणूस म्हणून संकोच वाटला आणि एका चिठ्ठीवर भागवलं.

मी दुपारी बाजारातून आले तेव्हा लाइन लागून वर काळा ऑइल पेंटही चढला होता. सांध्यांजवळ लाल पट्टे दिसत होते. लाल पट्टा म्हणजे सी क्लास, एवढं मला माहीत होतं. मी निर्धास्त झाले.

दीड महिन्यात ज्वाळा पिवळी पडायला लागली. धूर, काजळी, कढईच्या बुडाला काळा थर. फिल्टर धुतला की आठ दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. फिल्टरच्या वाटीत पातळ खळीसारखा राखाडी, बुळबुळीत गाळ साचायचा. मला वाटलं डिझेलमध्ये भेसळ आहे, म्हणून पेट्रोल पंप बदलला. पंपवाल्याचा काहीच दोष नव्हता.

शेवटी सांवेर रोडवरचे एक जुने बर्नर मिस्त्री आले. त्यांनी काही न बोलता पिशवीतून कानस काढली आणि पाइपावर चार वेळा घासली. काळा रंग उडाला आणि खाली चांदीसारखं चकाकलं. "दीदी, ये तो जीआय है, पानी वाला." जीआय म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप. लाल पट्टा खरवडला तर खाली पिवळा निघाला. पिवळा म्हणजे ए क्लास, सगळ्यात पातळ. निळा मधला, लाल जाड. अर्ध्या इंची पाइपाची जाडी ए क्लासमध्ये 2 मिमी असते, सी क्लासमध्ये 3.2. लाल पट्टा ब्रशनं ओढलेला होता, कडा वेड्यावाकड्या. इतके दिवस रोज डोळ्यांसमोर असून माझ्या लक्षात आलं नाही.

पाइप उतरवल्यावर चिवडा तोलायच्या काट्यावर ठेवला. बारा मीटरचे तुकडे साडेअकरा किलो भरले. सी क्लास असता तर सतराच्या पुढे गेला असता.

पाण्याला जीआय चांगला, डिझेलला नाही. आतल्या जस्तावर डिझेलमधली आम्लं चढतात आणि त्याचा साबणासारखा गाळ होतो. तोच फिल्टरमध्ये आणि बर्नरच्या नोझलमध्ये अडकतो. त्यात ह्या फिटरनं आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळली होती, तिचे धागे नोझलमध्ये सापडले. युनियनमध्ये, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या उघडत्या सांध्यात, पाण्याच्या नळाचा साधा रबरी वॉशर होता. तो भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगून मऊ झाला होता, ठिबकत होतं ते तिथूनच. डिझेलला नायट्राइल रबर लागतं, ते तेलात असं फुगत नाही. आणि 'पितळी' कॉक कानशीनं घासला तर पिवळ्या मुलाम्याखाली करडा धातू.

फिटरला फोन केला तर म्हणाला, "काकू, पाइपावर आयएसआय होतं ना?" होतं, आणि ते खरंही होतं. आयएस 1239 ह्या पाइपांच्या भारतीय मानकात काळा आणि जीआय दोन्ही पाइप येतात, त्यामुळे त्या शिक्क्यावरून काहीच कळत नाही. लोहचुंबकही दोन्हीला चिकटतो. दुसऱ्या दिवसापासून त्यानं फोन उचलणं बंद केलं.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार केली. पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेला माल 2019 च्या ग्राहक कायद्यात बसतो आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. पण माझ्या चिठ्ठीवर लिहिलंय फक्त 'पाइप, फिटिंग, मजुरी'. क्लास नाही, मीटर नाही, दुकानाचं नाव नाही. सी क्लास ठरला होता हे मी कशावर दाखवणार? तुमच्या बिलावर 'काळा एमएस, सी क्लास, 15 मिमी, इतके मीटर' असं लिहून घ्या (एमएस म्हणजे साधं पोलाद, 15 मिमी म्हणजे अर्धा इंच), मग माणूस सख्खा भाचा का असेना. माल आला की लगेच, कापायच्या आधी, वजन करा. सहा मीटरची अर्ध्या इंची सी क्लास लेंथ साडेआठ किलोच्या वर भरते. घरात काटा नसेल तर शेजारच्या वाण्याकडे न्या.

नवी लाइन त्याच मिस्त्रींनी टाकली. आधी हवा भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं, मग डिझेल सोडलं. मी दोन दिवस प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला. कागद कोरडे राहिले, तेव्हा कुठे रंगाचा डबा आणला.