हिरडीवरची गाठ आणि बाजारातला दातवाला

यवतमाळ जिल्ह्यात आमच्याकडच्या आठवडी बाजारात एक दातवाला बसतो. पाटीवर ठळक अक्षरात ‘विना ऑपरेशन कॅन्सर गॅरंटीने बरा’. नोंदणी क्रमांक कुठंच नाही. या माणसानं माझ्या पुतणीच्या तोंडाची वाट लावली आणि दादाचे सोयाबीनचे अठरा हजार रुपये लुबाडले.

पोरीच्या वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये हिरडीवर बोराएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, ब्रश लागला की रक्त यायचं. त्यानं टॉर्च मारला आणि वहिनीला म्हणाला, “बाई, कॅन्सरची सुरुवात हाय. चिरलं तं पसरते. मी जायून (जाळून) काढतो.” आमच्याकडे घरोघरी खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) चालतो, तोंडाच्या कॅन्सरनं गेलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली. हे ऐकल्यावर कोणती माय पैशाकडे पाहील? पोरीनं तर खर्रा कधी तोंडातही घातला नव्हता.

त्यानं गाठीच्या बुडाशी दोरा आवळला, वरून पांढरी पूड दाबली. पोर रात्रभर तळमळली, भोवतालची हिरडी पांढरी पडून सोलली. गळालेली गाठ त्यानं कागदात गुंडाळली आणि नालीत फेकली. खरा घात इथंच झाला, कारण ती कशाची आहे हे त्या तुकड्यावरूनच कळलं असतं. मूळ आतच राहिलं. काही महिन्यांत गाठ परत आली, आधीपेक्षा मोठी.

मग नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. एक्स-रे काढला, जागा बधिर करून गाठ हाडावरच्या आवरणापर्यंत खरवडून काढली, शेजारच्या दातांवरचं कीटण साफ केलं. एकही दात काढावा लागला नाही. गाठ फॉर्मॅलिनच्या (तुकडा खराब होऊ न देणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत घालून तपासणीला पाठवली. रिपोर्ट आला : पेरिफेरल ऑसिफायिंग फायब्रोमा. कॅन्सर नाही. तरुण मुलींत जास्त दिसणारी ही साधी गाठ, आत हाडासारखे कण असतात. पायोजेनिक ग्रॅन्युलोमा, जायंट सेल ग्रॅन्युलोमा या हिरडीवरच्या दुसऱ्या साध्या गाठीही अशाच दिसतात, आणि क्वचित कॅन्सरही. त्यामुळं नुसतं पाहून ‘कॅन्सर आहे’ किंवा ‘काही नाही’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. काढलेला तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे. नीट काढली तरी शंभरात आठ ते वीस जणांना ती पुन्हा होते, म्हणून पोरीला तपासणीला नेत राहावं लागणार आहे.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि नोंदणीशिवाय दातांचा धंदा करायलाही कायद्यानं बंदी आहे. आम्ही लेखी तक्रार दिली आहे. तो कुणालाच पावती देत नाही. तुमच्याकडूनही त्यानं पैसे घेतले असतील, तर त्याच्या पाटीचा फोटो आणि तारीख घेऊन या. आमच्या तक्रारीला जोडू.