टीपीए३११६डी२ बोर्ड: ‘५० + ५० वॉट’चा खरा हिशेब

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारा, टीपीए३११६डी२ चिपचा हा दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड घरच्या छोट्या स्पीकरना छान पुरतो. फक्त ‘५० + ५० वॉट’वर भाळू नका. चिप बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डेटाशीटमध्ये हा आकडा २१ व्होल्ट, ४ ओहम आणि १० टक्के टीएचडीला (आवाजात मिसळलेल्या विकृतीचं प्रमाण) दिलाय, म्हणजे लाटेचे शेंडे चांगलेच छाटले गेल्यावर. १ टक्क्याच्या आत राहायचं तर पाचवा हिस्सा वजा करा, साधारण ४० वॉट. २५ वॉटला हीच चिप ०.१ टक्का देते. तिथं नावं ठेवायला जागा नाही.

कानाला मात्र टक्क्यांपेक्षा कोणता हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतला स्वर) वाढला ते जास्त कळतं. मूळ स्वर सा धरला तर दुसरा हार्मोनिक तार सा, तिसरा त्यावरचा पंचम, पाचवा गंधार. हे सुरात बसतात आणि खालचे दोन-तीन मूळ स्वराखाली बरेचसे झाकलेही जातात. म्हणून दुसऱ्याचा अर्धा टक्का ‘भरदार आवाज’ म्हणून खपून जातो. सातवा कोमल निषादाहून उतरलेला, अकरावा दोन्ही मध्यमांच्या मध्ये कुठेतरी, आणि दोन्ही इतके वर की झाकले जात नाहीत. बोर्ड ब्रिज पद्धतीचा (स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल, एकही ग्राउंडला नाही) असल्यानं क्लिप होताना, म्हणजे शेंडे छाटले जाताना, लाट वरून-खालून सारखी कापली जाते आणि नेमके विषम हार्मोनिक वाढतात. सनई पत्र्यासारखी वाजते ती यामुळे. तानपुरा आणि गळा एकत्र असतील तर दोघांच्या बेरीज-वजाबाकीचे बेसूर स्वर वेगळेच.

१२ व्होल्ट, २ अँपिअरच्या अडॅप्टरवर ८ ओहमला कागदावरसुद्धा ९ वॉटच निघतात. लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअरचा लावा. २४ चालतो, २६ च्या वर मात्र जाऊ नका.

खरी गोम गेनची, म्हणजे बोर्ड सिग्नल किती पट वाढवतो त्याची. गेन २६ डीबी, म्हणजे २० पट असेल तर १ व्होल्ट (आरएमएस, म्हणजे शिखर १.४) देणाऱ्या मोबाइलच्या हेडफोन डोंगलवर २८ व्होल्टचं शिखर मागितलं जातं, आणि सप्लाय १९! गेन २० डीबी केला की शिखर १४ वर येतं आणि नॉब पूर्ण फिरवला तरी क्लिपिंग नाही. त्यासाठी गेन पिनपासून ग्राउंडला ५.६ किलोओहम लावायचा आणि जीव्हीडीडी या चिपच्याच दुसऱ्या पिनकडं जाणारा रेझिस्टर काढायचा.

बोर्ड निवडताना आउटपुटच्या कॉइल बघा. शेंगदाण्याएवढ्या असतील तर मोठ्या बासला सॅच्युरेट होतात, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षमता संपते. मग गेन कमी करूनही उपयोग नाही. दोन्ही स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र जोडू नका, ग्राउंडलाही नाही.