पहिली गाडी म्हणून जुनी सुझुकी एसजे४१३ : वापरून, उघडून, परत जोडून लिहिलेला अभिप्राय

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईतल्या माणसाला खालपर्यंत यायला नको. गाडी भन्नाट आहे. पण रोज वेळेवर कुठेतरी पोचायचंय आणि दुसरं काही साधन नाही, अशा माणसाने पहिली गाडी म्हणून हिच्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्याकडे बस, सायकल, मैत्रिणीची स्कूटर असं काहीतरी हाताशी आहे त्यांनी पुढे वाचा.

एसजे४१३ ही सुझुकीच्या जिम्नी घराण्यातली दुसऱ्या पिढीची, चारही चाकांना ताकद देता येणारी (फोर बाय फोर) गाडी. १९८४ मध्ये आली. इंजिन १३२४ सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल. अमेरिकेत तिला सामुराई म्हणत, ऑस्ट्रेलियात सिएरा, आणि आपल्याला ओळखीची जिप्सी याच घराण्यातली, लांब व्हीलबेसची. माझी आखूड, कॅनव्हासच्या टपाची आणि कार्बोरेटरवाली. चेसिस शिडीसारखी सरळ, चारही चाकांना पाटे म्हणजे पट्टीच्या स्प्रिंग, पुढे-मागे अखंड अॅक्सल. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, आणि बिघाड कुठे आहे ते सांगणारा कॉम्प्युटरही नाही. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूने थेट खालची जमीन दिसते. नव्याने पाना धरणाऱ्याला याचं मोल फार आहे, कारण एक होज बदलायला आधी दहा कव्हरं काढावी लागत नाहीत.

घेताना सगळे इंजिन चालू करून कान लावतात. मी आधी खाली झोपले. या वयाच्या गाडीत इंजिन हा सगळ्यात सोपा प्रश्न असतो. अवघड प्रश्न गंजाचा. पायाखालचा पत्रा, पुढच्या काचेच्या चौकटीचा खालचा कोपरा, मागच्या चाकांच्या वरची पोकळी, बॉडी चेसिसवर बसते त्या जागा, आणि मागचे पाटे चेसिसला लटकतात ते ब्रॅकेट, इथे चिखल साचतो आणि ओल धरून ठेवतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर टोकाने टोचून बघायचं, मालक कितीही कळवळला तरी. पुट्टीखालचा पत्रा ओळखायला लोहचुंबक पुरतो. बॉडीच्या पत्र्याला भोक असेल तर तुकडा कापून नवा जोडता येतो. चेसिसला पाट्याच्या ब्रॅकेटपाशी भोक असेल तर नमस्कार करून घरी या. आणि खालून ताजा काळा रंग चोपडलेली गाडी दिसली की मला तरी ती मळक्या गाडीपेक्षा जास्त संशयास्पद वाटते.

माझ्या गाडीची चेसिस धड होती, पायाखालचा पत्रा नव्हता. आधीच्या मालकाने त्यावर रबरी मॅट, तिच्याखाली प्लायवूड आणि त्याच्याखाली देवाची कृपा अशी व्यवस्था केली होती. तो भाग नव्या पत्र्याने वेल्ड करून घेतला.

मग आमच्यात पहिलं भांडण झालं. दादाचं म्हणणं, गाडी उंच करू, मोठे टायर घालू, पुढे दिव्यांची पट्टी लावू. त्याने मला ६,६८८ मीटरचा दाखला दिला. २००७ मध्ये चिलीतल्या दोघांनी ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर सामुराई तेवढ्या उंचीपर्यंत चढवली होती, हे खरंच आहे. पण त्या गाडीला सुपरचार्जर होता आणि तिला सकाळी कॉलेजला जायचं नव्हतं. मी मेकॅनिककाकांना विचारलं, आधी काय करू? ते हात पुसत म्हणाले, "ताई, इंजिन कसंही असू दे. धूर काढेल, कुरकुरेल, पण घरी आणेल. ब्रेकचं तसं नाही." तेवढ्यावर क्रम ठरला. आधी ब्रेक, मग स्टीअरिंग, मग टायर, मग सीटबेल्ट, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ‘लायनर बदलले’ एवढ्यावर बरेच जण थांबतात. पुढे डिस्क आहे, मागे ड्रम. मागचे ड्रम काढल्यावर आत ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळतोय असं समजा, लायनर कितीही जाड असो. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं. पाणी मुरलं की त्याचा उकळबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर पेडल अचानक मऊ पडतं. आधीच्या मालकाने ते कधी बदललं हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळं काढून नवं भरायचं. आणि रबरी होज बाहेरून चकचकीत दिसले तरी बदलायचे. जुना होज आतून फुगतो, पाय दाबला की ऑइल पुढे जातं पण परत यायला वेळ लावतं, आणि एक चाक धरून राहतं. गाडी एका बाजूला ओढते म्हणून लोक अलाइनमेंट करत बसतात, दोष मात्र हातभर नळीत असतो.

स्टीअरिंग हा या गाडीचा खास विषय. ठरावीक वेगाला, एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर, पुढची चाकं थरथरायला लागतात आणि स्टीअरिंग हातात नाचतं. पहिल्यांदा गाडी शिकणाऱ्याची पाचावर धारण बसेल असा प्रकार आहे. यावर सर्रास उपाय केला जातो तो स्टीअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा दांडा) नवा टाकण्याचा. थरथर कमी होते, कारण तसंच राहतं. खरी कारणं साधारण किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खिळ्याची) झिजलेली बेअरिंग, टाय रॉडचे (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) ढिले एंड, चाकाची बेअरिंग आणि बॅलन्स बिघडलेले टायर. किंगपिनला वर-खाली शंकूच्या आकाराची बेअरिंग असते आणि तिचा ताण पातळ शिमांनी, म्हणजे चकत्यांनी, जमवतात. टाय रॉड सोडवून नकल, म्हणजे किंगपिनवर फिरणारा चाकाचा सांधा, स्प्रिंगकाट्याने ओढायचा. अगदीच अलगद फिरला तर शिम काढावी लागते, अडखळत फिरला तर बेअरिंग गेलं. मला हे काम सगळ्यात आवडलं. तासन्‌तास ग्रीसमध्ये हात, आणि शेवटी काट्यावर एक नीट आकडा. नकल उघडलाच आहे तर आतलं ग्रीस बघा. ते पातळ, काळं आणि वासाला गिअर ऑइलसारखं असेल तर अॅक्सलचा आतला सील फुटलाय. आणि स्टीअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून ‘प्ले’ घालवून देणारा कोणी भेटला तर त्याला हात लावू देऊ नका. मधल्या जागी घट्ट झालेला बॉक्स वळणावर अडकतो.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३०९ असेल तर २००९ चा तेविसावा आठवडा. माझ्या गाडीचे टायर नक्षीने जवळजवळ नवे होते आणि वयाने माझे वर्गमित्र शोभले असते. रबर कडक झालेलं, बाजूला केसाएवढ्या भेगा. चारही काढले, मूळ मापाचेच घातले. मोठे टायर घातले की गिअरिंग उंच होतं, आधीच दमलेल्या इंजिनाला ते ओढवत नाही, आणि ब्रेकला जास्त वजन थांबवावं लागतं. दादा यावर अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

ऑइलचं दोन ओळीत. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा, ‘हाय’ आणि ‘लो’ असे दोन टप्पे असलेला डबा), पुढचा आणि मागचा डिफरन्शियल (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), चारही ठिकाणचं ऑइल वेगळं काढायचं. काढण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते बघायचं. तो गंजून अडकला असेल आणि खालचं ऑइल आधीच सांडलं, तर गाडी जागेवरून हलत नाही. डिफरन्शियलमध्ये जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल, गिअरबॉक्समध्ये जीएल-४. जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

इंजिनाने फारसा त्रास दिला नाही. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप इतिहास माहीत नसल्यामुळे सरळ बदलले, प्लग, कॉइलच्या वायरी, सगळे पेट्रोल आणि व्हॅक्यूम होज नवे. कार्बोरेटर उघडून जेट धुतले, कारण उभ्या गाडीत पेट्रोल सुकून तिथे चिकट थर धरतो. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं निघालं आणि मी पुढे काही विचारलं नाही.

आता चालवण्याबद्दल. एक टनाच्या आसपास वजन, पण वेगाची अपेक्षा ठेवू नका. ट्रान्सफर केस ‘हाय’मध्येसुद्धा थेट एकास एक फिरत नाही, १.४०९ चं गुणोत्तर आहे, त्यामुळे ताशी ८० च्या पुढे इंजिन किंचाळतं आणि टप फडफडतं. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडून. शिकाऊ चालकाला हे मला फायद्याचं वाटतं. दोन्ही हात कामात, दोन्ही कान कामात, फोन उचलायची सोयच नाही. ‘लो’मध्ये मात्र तिचा स्वभाव बदलतो. पहिल्या गिअरमध्ये पाय अॅक्सिलरेटरवरून काढून घ्या, नुसत्या आयडलिंगवर ती दगडगोट्यांची चढण चढत जाते, आणि उतारावर ब्रेकला हात न लावता तशीच सावकाश उतरते. फोर बाय फोरसाठी पुढच्या चाकांचे हब (मधले भाग) खाली उतरून हाताने लॉक करावे लागतात. आणि फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकायचं नाही. मधे डिफरन्शियल नाही, वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा हिशोब जुळत नाही, आणि तो ताण शाफ्ट आणि गिअरवर पडतो.

उलटण्याचा विषय टाळून चालणार नाही. १९८८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने सामुराई सहज उलटते म्हणून तिला ‘अस्वीकार्य’ ठरवलं. चाचणी पक्षपाती होती असं म्हणत सुझुकीने १९९६ मध्ये दावा लावला आणि २००४ मध्ये दोघांनी तडजोड केली. त्या वादात कोण बरोबर यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. मला त्यात पडायचं नाही. गाडी अरुंद, उंच आणि आखूड आहे, एवढं अंगणात उभी असतानाही दिसतं. झटकन स्टीअरिंग फिरवायची सवय असलेल्या नवख्या माणसाला ती उंच करून द्यायची कल्पना मला पटत नाही. मी उलट रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी चौकट) नीट बसवून घेतला आणि तीन ठिकाणी अडकणारे नवे सीटबेल्ट लावले. जुने बेल्ट झटका देऊन ओढले तरी अडकत नव्हते.

सुट्या भागांचं म्हणाल तर यांत्रिक भाग सहज मिळतात. पाटे, बेअरिंग, सील, क्लच प्लेट, कशासाठीच फार अडून राहावं लागलं नाही. फक्त सगळ्यात स्वस्त सील घेऊ नका. मी लावलेलं एक बिननावाचं सील लगेच पाझरलं आणि अख्खा नकल परत उघडावा लागला. बॉडीच्या बारीकसारीक वस्तूंची गोष्ट वेगळी. दारांची रबरं, काचेच्या खाचेतली पट्टी, टपाच्या कडेचे हुक, हीटरची नॉब, यांच्या मागे लागलात की मोटरपेक्षा नॉब दुर्मीळ हे कळतं. माझ्या डाव्या दाराची काच अजून खडखडते आणि तिथे सध्या दुमडलेलं सायकलचं ट्यूब कोंबलं आहे. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाच्या आवाजावर भाव करण्याऐवजी रबरं आणि हुक मोजा, आणि जे कमी आहे ते मालकाच्या माळ्यावर पडलंय का ते तिथेच विचारून घ्या.