रागाला स्वतःचा रकाना देणारं एमपीथ्रीटॅग

शास्त्रीय संगीत संगणकावर साठवणाऱ्या प्रत्येकाने एमपीथ्रीटॅग उतरवून घ्यावं, असं मी पार्ल्यातल्या आमच्या कानसेन मंडळींना सांगत असते. गाण्याच्या फाइलीतच तिची माहिती, म्हणजे टॅग, लिहिण्या-बदलण्यासाठीचं फ्लोरियन हाइडनराइश या जर्मन प्रोग्रॅमरचं हे सॉफ्टवेअर विंडोजवर फुकट आहे, मॅकवर विकत घ्यावं लागतं.

गाणी सांभाळणारी बहुतेक सॉफ्टवेअरं गाणं, गायक, अल्बम एवढंच विचारतात. आपलं तेवढ्यावर भागत नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांचा बसंत-केदार ऐकावासा वाटला तर मी राग शोधणार, कॅसेटचं नाव नाही. ७८ आरपीएमच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांना तर अल्बमच नसतो. मग लोक राग संगीतकाराच्या रकान्यात कोंबतात आणि जयजयवंती जयदेवांच्या शेजारी येऊन बसते.

एमपीथ्रीटॅगमध्ये हवे ते रकाने स्वतः करता येतात. मी राग, ताल, बंदिश, प्रहर, साथीदार असे केलेत. मात्र रकान्याचं नाव रोमन लिपीत द्या. फ्लॅक या ध्वनिफाइलींच्या प्रकारात टॅगमधल्या नावाला देवनागरी चालत नाही. आतला मजकूर देवनागरीत खुशाल लिहा, लिहाच. रोमनमध्ये बागेश्रीचं स्पेलिंग जो तो आपल्या मनाने करतो आणि एकच राग यादीत चार ठिकाणी विखुरतो.

एकाच फाइलीत दोन बंदिशी असल्या तरी अडत नाही. किशोरीताईंचा भूप घ्या: आधी विलंबित 'प्रथम सुर साधे', मग 'सहेला रे'. दोन्हींच्या मध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) टाकल्या की त्या एकाच रकान्यात वेगवेगळ्या नोंदी म्हणून जातात.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते एका टॅगवरून दुसरा टॅग भरणं. फोनवरच्या साध्या प्लेअरला आपले हे खास रकाने बऱ्याचदा दिसत नाहीत. म्हणून राग, बंदिश, ताल एकदा नीट भरायचे आणि शीर्षक त्यांच्यावरून आपोआप तयार करायचं: 'यमन – एरी आली पिया बिन – तीनताल'. शेकडो फाइली निवडून एका फटक्यात होतं. फाइलीचं नावही त्याच पद्धतीने बदलता येतं. दादरच्या एका दुकानातून वडिलांच्या कॅसेटी डिजिटल करून आणल्या, तेव्हा प्रत्येक फाइलीचं नाव 'साइड ए' नाहीतर 'साइड बी' होतं. तबलजी कोण, ध्वनिमुद्रण कुठलं, हे सगळं वडिलांनी कॅसेटच्या कार्डावर बॉलपेनने लिहून ठेवलेलं होतं, म्हणून निभावलं. तुमच्याकडे अशी कार्डं असतील तर टाकू नका, आधी त्यांचे फोटो काढा.

हे सॉफ्टवेअर सूर ऐकून राग सांगत नाही. इंटरनेटवरच्या याद्यांमधून माहिती ओढतं, पण खासगी मैफलीची नोंद तिथे कुठून असणार? ते काम आपलंच. राग ओळखू आला नाही तर मी रकान्यात 'विचारायचं' असं लिहिते. खालच्या फिल्टरमध्ये तो शब्द टाकला की तेवढ्याच फाइली समोर येतात. त्या पेन ड्राइव्हवर घेऊन मी माझ्या गाण्याच्या बाईंकडे जाते.