सुंता: तान्हेपणी की जाणतेपणी?

जुन्या नाशकात, चौक मंडईजवळच्या आमच्या घरात भाच्याच्या सुंतेवरून दोन तट पडलेत. दादी म्हणतात, तान्हेपणीच उरकून घ्या, जखम लवकर भरते. खरंय. पण बाळाला विचारलं कोणी? यहुदी धर्मात 'उत्पत्ती' या धर्मग्रंथाच्या १७व्या अध्यायानुसार जन्मानंतरचा आठवा दिवस ठरलेला. कोकणातल्या बेने इस्रायलींनीही, म्हणजे तिथल्या यहुद्यांनीही, ही रीत जपली. कुराणात मात्र सुंतेचा उल्लेख नाही. ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आणि सगळीकडे एकच वय ठरलेलं नाही. म्हणजे थांबायला आपल्याकडे जागा आहे. २०१२मध्ये जर्मनीत कोलोनच्या न्यायालयानं लहान मुलाच्या सुंतेला शारीरिक इजा ठरवलं. त्याच वर्षी संसदेनं कायदा करून मुभा दिली. जाणतेपणी त्रास जास्त, लाजही वाटते, तरी होकार त्याचा स्वतःचा. मला थांबणंच पटतं. आत्ताच करायची असेल, तर सर्जन आणि नीट भूल हवीच.