मे महिन्यात ऑक्सफर्ड की केंब्रिज?

दरवर्षी मार्च उजाडला की पुण्या-नाशिकहून फोन सुरू होतात. मुलांच्या परीक्षा संपल्या की मंडळी लंडनला येणार, हाताशी आठ दिवस, त्यातला एक दिवस विद्यापीठाच्या गावाला द्यायचा. कुठल्या गावाला? दोन्ही एका दिवसात उरकू नका, बसमध्ये बसण्यातच दिवस जातो. मी आई-बाबांना एकाच मे महिन्यात, दहा दिवसांच्या अंतरानं, दोन्हीकडे नेलं होतं. त्यावरून सांगतो. मी पश्चिम लंडनला राहतो, ऑक्सफर्डच्या गाड्या सुटतात ते पॅडिंग्टन स्टेशन मला जवळ पडतं, तेव्हा माझा कल थोडा ऑक्सफर्डकडे झुकत असेल तर तेवढं वजा करून वाचा.

आधी केंब्रिजला गेलो, कारण बाबांचा हट्ट. ते गणिताचे शिक्षक, आयुष्यभर नववी-दहावीला शिकवलं. मुर्डीसारख्या कोकणातल्या खेड्यातले रघुनाथ परांजपे 1899 साली तिथे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय, ही गोष्ट ते दरवर्षी नव्या वर्गाला सांगायचे. पुढे नारळीकरही तिथेच शिकले. रामानुजन 1914 मध्ये तिथेच आले. गणितावर जीव असलेल्या मराठी माणसाला केंब्रिजचं नुसतं नाव पुरतं.

आणि गाव खरोखर देखणं आहे. किंग्ज परेडवर उभं राहिलं की एका बाजूला दुकानं आणि दुसऱ्या बाजूला थेट किंग्ज कॉलेजचं चॅपल. 1446 मध्ये काम सुरू झालं, दगडी बांधकाम पुरं व्हायला सत्तरएक वर्षं लागली. आत गेल्यावर मान वर करून छत बघा. खांबांतून निघालेल्या दगडी फासळ्या पंख्यासारख्या उलगडत जातात आणि मधोमध एकमेकींना भेटतात. आई तिथल्या खुर्चीवर बसून पंधरा मिनिटं नुसती वर बघत होती. असं छत ऑक्सफर्डमध्ये नाही, हे मान्य करावंच लागेल.

पण मग कॉलेजं बघायला निघालो. पहिल्या दारावर पाटी: परीक्षा चालू आहेत, पाहुण्यांना प्रवेश नाही. दुसऱ्या दारावर तशीच पाटी. तिसऱ्या ठिकाणी दाराशी बसलेल्या माणसानं फार अदबीनं सांगितलं, जूनच्या मध्याला या. बाबांनी त्याला आपण गणिताचे शिक्षक असल्याचं सांगितलं. तो हसला, 'सॉरी सर' म्हणाला, आणि दार काही उघडलं नाही. त्याची चूक नाही. आत मुलं अभ्यास करत असतात, त्यांना शांतता हवीच. पण भारतातून आलेल्या माणसाचा विचार केला तर आपली मे महिन्याची सुट्टी आणि त्यांचा परीक्षेचा हंगाम नेमका एकावर एक येतो. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत तिथली बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात. प्रवासाची माहिती देणारे हे कुठेतरी बारीक अक्षरात सांगतात, नाहीतर सांगतच नाहीत. बाबांनी ट्रिनिटीच्या दाराबाहेरचं सफरचंदाचं झाड पाहिलं, न्यूटनच्या घरच्या झाडाचा वंशज म्हणतात ते. ज्या सीनेट हाउसात रँग्लरांची नावं वाचली जात, ते गजांबाहेरून पाहिलं. गज धरून बराच वेळ उभे होते.

अशा वेळी केंब्रिजमध्ये उपाय एकच, पंट. सपाट तळाची लांबट होडी, मागे उभा राहून एकजण बांबूसारख्या काठीनं रेटत नेतो. नदी कॉलेजांच्या पाठीमागून जाते, त्यामुळे पुढचं दार बंद असलं तरी परसदारानं सगळं दिसतं: हिरवळी, पूल, क्वीन्स कॉलेजचा 1749 साली पहिल्यांदा बांधलेला लाकडी गणिती पूल. पाऊण तासात पैसे वसूल. ऑक्सफर्डचं पंटिंग कुरणांतून आणि झाडांखालून जातं, निवांत असतं, पण कॉलेजांच्या भिंती अशा पाण्याला टेकलेल्या तिथे नाहीत. तुम्हाला होडीच हवी असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, केंब्रिजला जा.

ऑक्सफर्डला उतरल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे कुठे आलो. हाय स्ट्रीटवर बसमागून बस, पदपथावर गर्दी, अर्धा बाजार कुठल्याही इंग्लिश गावात असतो तसाच. केंब्रिजइतकं ते चटकन मनात भरत नाही. पण परीक्षा तिथेही चालू होत्या, आणि त्या आम्हाला रस्त्यातच भेटल्या. विद्यापीठाच्या परीक्षेची इमारत हाय स्ट्रीटवरच आहे. सकाळी तिथे काळा सूट किंवा स्कर्ट, पांढरा शर्ट, वर काळा गाऊन अशा वेशातली मुलं जमत होती. या वेशाला सबफस्क म्हणतात. छातीवर कार्नेशनचं फूल: पहिल्या पेपरला पांढरं, मधल्या पेपरांना गुलाबी, शेवटच्या पेपरला लाल. एक उंच मुलगा लाल फूल लावून भिंतीशी उभा होता, ओठ हलत होते, दर मिनिटाला कोटाचे खिसे चाचपत होता. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "हॉलतिकीट शोधतोय बघ. आपल्याकडचीही अशीच करतात." मग ते त्या मुलाकडे बघून हसले, आणि तोही हसला.

दुपारनंतर कॉलेजंही बघता आली. सगळी नाही, पण तीन तरी आतून पाहिली. ख्राइस्ट चर्चचं तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा. बाकीच्या कॉलेजांच्या वेळा दारावर लिहिलेल्या असतात. रॅडक्लिफ कॅमेराची गोल इमारत आम्ही बाहेरूनच पाहिली, आत वाचनालय आहे. ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटच्या शिखरावर वारा दाखवणारा हत्ती आहे, अंबारीसकट. तो चुकवू नका. आणि नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी इथल्या समरव्हिल कॉलेजच्या. 1892 मध्ये कायद्याची बीसीएल परीक्षा देणारी ती पहिली बाई. पदवी हातात पडायला मात्र 1922 उजाडलं. आईला ही गोष्ट परांजप्यांच्या गोष्टीपेक्षा जास्त लागली.

बाबांसाठी खरी जागा निघाली ब्रॉड स्ट्रीटवरचं विज्ञानाच्या इतिहासाचं संग्रहालय. इमारत 1683 ची, प्रवेश फुकट. तिथे एक फळा आहे. मे 1931 मध्ये आइन्स्टाइननं व्याख्यान देताना त्यावर समीकरणं लिहिली, ती नंतर कुणी पुसली नाहीत. खडूची अक्षरं तशीच आहेत, एखाद्या वर्गात तास संपल्यावर राहतात तशी. फळ्यावर आयुष्य घालवलेला माणूस त्या काचेपुढून हलेना.

खाण्याचं थोडक्यात. ऑक्सफर्डचा कव्हर्ड मार्केट 1774 पासूनचा, आपल्या मंडईसारखा छपराखालचा. मांसाची दुकानं आहेत, वास येतो, शाकाहारी मंडळींना आधी सांगून ठेवा. पण ताज्या भाजलेल्या कुकीज, चीज आणि चहा तिथे उत्तम. केंब्रिजला फिट्झबिलीजचा चेल्सी बन खायलाच हवा. पाकानं इतका चिकट की बोटं चाटत बसावं लागतं. अंडं चालत नसेल तर विचारून घ्या. एका पदार्थावर निकाल लावायचा तर बन जिंकतो.

सप्टेंबरमध्ये येणार असाल, किंवा एक सुंदर चॅपल आणि एक होडी एवढ्यावर दिवस भरला असं वाटणारे असाल, तर केंब्रिजमध्ये पस्तावणार नाही. मे महिन्यात मात्र मी पाहुण्यांना ऑक्सफर्डलाच नेतो. आणि दिवसाची गाडी धरून घाईनं परतत नाही. ख्राइस्ट चर्चच्या टॉम टॉवरमधली घंटा रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी 101 टोले देते. ऑक्सफर्डची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पाच मिनिटं मागे होती, तिच्या हिशेबानं ते नऊच. मुंबईनंही प्रमाणवेळ आल्यावर कितीतरी वर्षं स्वतःची वेळ सोडली नव्हती, त्यामुळे बाबांना हे लगेच पटलं. मे अखेरीस तेव्हा आकाशात अजून थोडा उजेड असतो, समोरच्या पदपथावर उभं राहून ऐकता येतं. परतीची गाडी साडेनऊनंतरची बघा, स्टेशन तिथून पायी पंधरा मिनिटांवर आहे.